शिक्षक वर्गात आले का?

पहाटे फॉल-इनला एक कॅडेट कमी भरला तरी आमची सगळी तुकडी ताटकळते. त्यामुळे शिक्षकच शाळेत येत नाहीत हे सरांनी सांगितले तेव्हा मला पटले नाही.

उदयपूरच्या आसपासच्या खेड्यांत सेवा मंदिर ही संस्था एकशिक्षकी शाळा चालवत असे. शिक्षक आला नाही की शाळा बंद. २००३ मध्ये एस्थर डुफ्लो (पुढे नोबेल मिळालेल्या अर्थशास्त्रज्ञ) आणि सहकाऱ्यांनी तिथल्या ५७ शाळांना कॅमेरे दिले. शाळा भरताना व सुटताना एखाद्या मुलाने शिक्षकाचा आणि वर्गाचा फोटो काढायचा. फोटोवरची तारीख-वेळ बदलता येत नसे. सरसकट १००० रुपये पगार थांबला. किमान ५०० रुपये आणि १० दिवसांपुढच्या प्रत्येक भरलेल्या दिवसाचे ५०. इतर शाळांत शिक्षक शंभरातले सुमारे ४२ दिवस गैरहजर असत, इथे २१. मुलांचे गुणही वाढले.

सुट्टीत हे आईला मोठ्या उत्साहाने सांगितले. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते.

"लावा की कॅमेरा. मी रोजच जाते," ती म्हणाली. "पण मतदार याद्या, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती... शिकवू कधी?"

मी गप्प झालो.

परतल्यावर सरांना विचारले. ते म्हणाले, उदयपूरलाही शिक्षक आले, पण आल्यावर शिकवणे पूर्वीसारखेच राहिले. मुले जास्त शिकली, कारण शाळा जास्त दिवस भरली. आईची शाळा तर रोजच भरते. तिथे कॅमेरा काय करणार? एखादा कारकून द्या.