जुन्या हस्तधारी जीपीएस संचाचा पुनर्वापर

जुना हस्तधारी जीपीएस संच म्हणजे मोबाइल फोनमध्ये स्थाननिश्चितीची सोय रूढ होण्यापूर्वी वापरात असलेले, तळहातात मावणारे आणि पेन्सिल सेलवर चालणारे उपग्रह-संकेतग्राहक यंत्र होय. दुर्गभ्रमण, वनभ्रमंती, विहिरींच्या नोंदी व क्षेत्रीय अभ्यास यांसाठी असे संच उपयोगी पडत. अनेक वर्षे कपाटात पडून राहिलेला संच सुरू केल्यावर स्थान दाखवत नाही, तेव्हा तो बिघडला असे समजले जाते. प्रत्यक्षात अनेकदा यंत्र सुस्थितीत असते. स्थळ, काळ आणि उपग्रह यांविषयीची त्याच्या स्मृतीतील माहिती मात्र कालबाह्य झालेली असते. या लेखात नांदेड व लातूर जिल्ह्यांतील उदाहरणांच्या आधारे असा संच पुन्हा वापरात आणण्याची पद्धत दिली आहे.

पार्श्वभूमी

जीपीएस ही अमेरिकेची उपग्रह प्रणाली १९९५ मध्ये पूर्ण क्षमतेने कार्यान्वित झाली. नागरी वापराच्या संकेतात हेतुतः मिसळली जाणारी त्रुटी मे २००० मध्ये बंद करण्यात आली; त्यामुळे पूर्वी सुमारे १०० मीटरपर्यंत असणारी चूक साध्या संचातही बरीच घटली. १५७५.४२ मेगाहर्ट्झ वारंवारितेवरील जुना नागरी संकेत नवे उपग्रहही प्रक्षेपित करतात. म्हणूनच वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे संच आजही चालू शकतात.

विलंबाचे कारण

प्रत्येक उपग्रह दोन प्रकारची माहिती पाठवतो. पहिली 'ऑल्मनॅक', म्हणजे सर्व उपग्रहांच्या ढोबळ स्थितीचे पंचांग. ते पूर्ण मिळण्यास साडेबारा मिनिटे लागतात. दुसरी 'एफेमेरिस', म्हणजे त्या एका उपग्रहाच्या कक्षेची सूक्ष्म माहिती. ती दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवली जाते व साधारणतः काही तासच उपयोगी असते. कोणता उपग्रह कोठे शोधावा, हे संच पंचांगावरून ठरवतो. पंचांग जुने झाले असल्यास, किंवा संच अखेरचा दुसऱ्या प्रदेशात वापरला गेला असल्यास, तो डोक्यावर नसलेले उपग्रह शोधत राहतो.

सेल व विद्युत्-संपर्क

संचात राहून गेलेले अल्कलाइन सेल कालांतराने गळतात आणि स्प्रिंगवर पांढरी पूड साचते. हे द्रव्य दाहक असल्याने हातमोजे घालून साफसफाई करावी. कापसाच्या काडीने थोडे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पूड काढावी, मग स्पिरिटने पुसून भाग पूर्ण वाळू द्यावा. जुने व नवे सेल एकत्र वापरू नयेत. काही संचांत स्मृती टिकवणारा लहानसा अंतर्गत घट असतो. तो उतरल्यास साठवलेली ठिकाणे पुसली जातात. अशा संचात नवे सेल घालून तो दिवसभर तसाच ठेवणे हितावह ठरते.

पहिली स्थाननिश्चिती

संच घरात किंवा झाडाखाली सुरू न करता गच्चीवर वा मोकळ्या शेतात, आकाश चहूबाजूंनी दिसेल अशा जागी स्थिर ठेवावा. सूचीत नवे ठिकाण निवडण्याची सोय असल्यास ढोबळ स्थान द्यावे. नांदेडसाठी १९°०९′ उत्तर, ७७°१८′ पूर्व, तर लातूरसाठी १८°२४′ उत्तर, ७६°३५′ पूर्व हे निर्देशांक पुरेसे आहेत. वेळेचा फरक +५:३० ठेवावा. अक्षांश, रेखांश व उंची या तिन्हींसाठी किमान चार उपग्रहांचे संकेत लागतात. पहिल्या वेळी अर्धा तास लागला तरी संच बंद करू नये. स्थान मिळाल्यावरही पंचांग पूर्ण होण्यासाठी तो आणखी वीस मिनिटे चालू ठेवावा.

तारखेतील चूक

जुन्या संकेतात आठवड्याचा क्रमांक ० ते १०२३ इतकाच मोजला जातो. ६ जानेवारी १९८० पासून सुरू झालेली ही गणना ऑगस्ट १९९९ व एप्रिल २०१९ मध्ये पुन्हा शून्यावर आली. पुढील वेळ नोव्हेंबर २०३८ मध्ये येईल. ज्या संचाच्या आज्ञावलीत याची तरतूद नाही, तो १०२४ आठवडे मागची तारीख दाखवतो. उदाहरणार्थ, १ जानेवारी २०२५ रोजी असा संच १८ मे २००५ दाखवील. वार मात्र बुधवारच राहील. ही चूक प्रत्येक नमुन्यात याच दिवशी सुरू होते असे नाही. स्थान बहुधा बरोबर येते. परंतु सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा आणि साठवलेल्या मार्गावरील तारखा चुकतात. म्हणून नोंदवहीत तारीख स्वतंत्रपणे लिहावी.

निर्देशांक व नकाशा

दशांश अंश आणि अंश-मिनिटे यांत गफलत होऊ देऊ नये. १९.१५ अंश म्हणजे १९°०९′ होय. ते १९°१५′ असे लिहिल्यास ठिकाण सुमारे ११ किलोमीटर उत्तरेकडे सरकते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने स्थलदर्शक नकाशे एव्हरेस्ट लंबगोलावर आधारित आहेत, तर जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ ही पद्धत वापरते. संचात योग्य निवड न केल्यास या भागात शंभर मीटरहून अधिक फरक पडतो. यूटीएम निर्देशांक वापरताना नांदेड व लातूर शहरे ४३ व्या पट्ट्यात येतात. ७८° पूर्व रेखांशाच्या पलीकडील किनवट मात्र ४४ व्या पट्ट्यात येते. संच वापरण्यापूर्वी निर्देशांक ठाऊक असलेल्या एखाद्या ठिकाणी त्याची पडताळणी करावी.

अचूकतेची मर्यादा

मोकळ्या आकाशाखालीही साध्या संचात काही मीटरची चूक राहते. कंधारचा किल्ला गाठण्यास किंवा विहिरीची जागा नोंदवण्यास एवढी अचूकता चालते. शेताची हद्द ठरवण्यास चालत नाही. १०० मीटर लांबीच्या बांधाची रेषा ५ मीटर सरकली, तर ५०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास ५ गुंठे जमिनीचा फरक पडतो. त्यामुळे बांधाच्या वादात अशा संचातील आकडे पुरावा मानू नयेत. हद्दनिश्चितीसाठी भूमी अभिलेख कार्यालयाकडून रीतसर मोजणी करून घ्यावी लागते.