जाळ्याचा कारभारी एकच असावा

खानदेशातील व्यापारी घराची मांडणी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहे. रस्त्याच्या बाजूला दुकान, मागे किंवा वरच्या मजल्यावर संसार आणि बोळाच्या पलीकडे गोदाम. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे माहेर म्हणून उभ्या महाराष्ट्राला ठाऊक असलेले जळगावजवळचे असोदा घ्या, किंवा बाजाराचे दुसरे कोणतेही गाव घ्या. हा नमुना आपल्या ओळखीचाच आहे. बदलले आहे ते या तिन्ही जागांना बांधणारे सूत्र. पूर्वी मालाची चिठ्ठी घेऊन एखादा मुलगा गोदामाकडे धावत असे. आज ती चिठ्ठी इंटरनेटवरून जाते.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला. १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात जाणाऱ्या मालाला ई-वे बिल लागू लागले. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला अन्य व्यापाऱ्याचे बिलही ई-इन्व्हॉइसच्या रूपात नोंदवावे लागते. गाडी भरून दारात उभी आहे, चालक घाई करतो आहे आणि बिल निघत नाही, असा प्रसंग आता अपवादाचा राहिलेला नाही. अशा वेळी दोष बहुधा सेवा देणाऱ्या कंपनीकडे जातो. पण पुष्कळदा बाहेरची तार शाबूत असते. विस्कटलेले असते ते आपल्याच घरातले जाळे. म्हणून त्या जाळ्याची रचना मालकाने स्वतः समजून घेणे अगत्याचे आहे.

दारापर्यंत येणारी तार

भारतात सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत. तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून नंबर फिरवून जोडणी करावी लागे. २००५ साली भारत संचार निगमाने तांब्याच्या त्याच तारेवर ब्रॉडबँड आणले. पुढे काचेचा धागा, म्हणजे ऑप्टिकल फायबर, घरोघर येऊ लागला. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर पोहोचवण्याच्या योजनेला केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. तीच योजना आज भारतनेट म्हणून ओळखली जाते.

फायबरच्या बहुतेक घरगुती जोडण्यांत एकाच धाग्यातील प्रकाश वाटेत विभागून ३२ किंवा ६४ ग्राहकांना दिला जातो. आपल्या भिंतीवरची पेटी त्या प्रकाशाचे विजेच्या संकेतात रूपांतर करते. बोलीत आपण तिला मोडेमच म्हणतो. तिच्यावरचे दिवे वाचता आले, तर निम्मी तक्रार तिथेच उलगडते. ‘पॉन’ लिहिलेला दिवा स्थिर असेल, तर धागा व्यवस्थित आहे. ‘एलओएस’चा लाल दिवा लुकलुकत असेल, तर प्रकाश पोहोचत नाही, धागा तुटला आहे, फार वाकला आहे किंवा जोड सैल झाला आहे. अशा वेळी मोडेमच्या आतल्या सेटिंगला हात लावू नये, कंपनीला कळवावे. हा धागा खिळ्याला गुंडाळू नये, दाराच्या फटीत दाबू नये आणि त्याचा वेढा मुठीहून लहान करू नये.

दोन्ही दिवे योग्य असूनही इंटरनेट येत नसेल, तर तिसरी शक्यता उरते. अनेक सेवांमध्ये मोडेम स्वतःची ओळख पटवल्याशिवाय जोडला जात नाही. त्या पद्धतीला पीपीपीओई म्हणतात आणि तिला कंपनीने दिलेले वापरकर्ता-नाव व पासवर्ड लागतो. मागच्या बारीक छिद्रात टाचणी खुपसून मोडेम मूळ स्थितीला आणण्याचा सोपा वाटणारा उपाय ही माहितीच पुसून टाकतो. हे दोन शब्द कागदावर लिहिलेले नसतील, तर क्षणभराचा उपाय दिवसभराचा खोळंबा होतो.

दोन कारभारी, एक गोंधळ

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. घरातील प्रत्येक यंत्राला, मग तो फोन असो, संगणक असो, प्रिंटर असो की कॅमेरा, एक पत्ता लागतो. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत असे पत्ते जगभरात मिळून सुमारे ४२९ कोटीच आहेत आणि ते केव्हाच अपुरे पडले. त्यावर तोड म्हणून काही पत्ते घरगुती वापरासाठी राखून ठेवले गेले. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच. ते आपल्या घरातही असतात आणि शेजाऱ्याच्याही. बाहेर मात्र साऱ्या घराच्या वतीने मोडेमच बोलतो, जसे पेढीच्या वतीने मुनीम बाजारात बोलतो.

कोणत्या यंत्राने कोणता पत्ता घ्यावा, हेही मोडेमच ठरवतो. पत्ते वाटण्याच्या या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. पंचाईत सुरू होते ती वरच्या मजल्यावर सिग्नल येत नाही म्हणून बाजारातून दुसरा राउटर आणला जातो तेव्हा. तो तसाच जोडला, की स्वतःचे पत्ते वाटू लागतो. घरात दोन कारभारी होतात. इंटरनेट दोन्हीकडे चालते, म्हणून कोणालाच संशय येत नाही. पण हिशेबाचा संगणक वर आणि गल्ला खाली असेल, तर वरच्या संगणकातील टॅलीचा हिशेब गल्ल्यावर उघडत नाही. कॅमेरे मध्येच अदृश्य होतात. प्रिंटर एका फोनला दिसतो, दुसऱ्याला दिसत नाही.

यावर दोन मार्ग आहेत आणि त्यांतला एकच निवडायचा आहे.

पहिला मार्ग सोपा. मोडेमला कारभारी राहू द्यावे आणि दुसऱ्या राउटरला केवळ सिग्नल पसरवण्याचे काम द्यावे. अनेक नव्या राउटरमध्ये यासाठी ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ अशी तयार सोय असते. ती निवडली की काम झाले. ती नसेल, तर राउटर मोडेमला जोडण्यापूर्वी संगणकाला तारेने जोडून त्याचे सेटिंगचे पान उघडावे. मोडेमचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर राउटरला १९२.१६८.१.२ द्यावा, मोडेम जे पत्ते वाटतो, त्यांच्या यादीत हा क्रमांक नाही याची खात्री करावी. मग राउटरची डीएचसीपी बंद करावी. शेवटी मोडेमच्या ‘लॅन’ खाचेतून निघालेली तार राउटरच्याही ‘लॅन’ खाचेतच घालावी आणि ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ लिहिलेली खाच मोकळी ठेवावी. पत्ते टाइप करताना आकडे इंग्रजी घ्यावेत, हे सांगायला नकोच.

दुसरा मार्ग मोठ्या पेढीला उपयोगी. दमदार राउटर घेऊन त्यालाच कारभारी करायचे आणि मोडेमला ‘ब्रिज’ स्थितीत ठेवून नुसता पूल बनवायचे. मग वापरकर्ता-नाव आणि पासवर्ड राउटरमध्ये भरावा लागतो. मोडेमवरूनच लँडलाइन किंवा दूरचित्रवाणीची सेवा येत असेल, तर हा बदल कंपनीला विचारूनच करावा.

भिंती, पत्रे आणि अंतर

जाळे लांबवायचे, तर पहिली पसंती तारेला द्यावी. चांगल्या तांब्याची कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत भरवशाने चालते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त केबलही मिळते. ती लवकर तुटते आणि तिच्यावरून कॅमेऱ्यांना वीज दिली तर अधिक तापते. सोन्याचा कस पाहणाऱ्या जळगावकरांना मुलामा आणि धातू यांतला फरक वेगळा समजावून द्यायला नको.

बिनतारी सिग्नलचे दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा दूर जातो, पण गजबजलेला असतो. त्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग १, ६ आणि ११ एवढेच मानले जातात. ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हार मानणारा. खानदेशातील जुन्या धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती, नव्या घरांचे लोखंड भरलेले स्लॅब, दुकानातील पोलादी रॅक आणि गोदामाचे पत्रे ही सारी सिग्नलची अडवणूक करतात. म्हणून राउटर कपाटात, फ्रिजमागे किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नये. जळगावच्या मे महिन्यातील उन्हात पत्र्याखाली ठेवलेले यंत्र फार काळ टिकत नाही.

केबलऐवजी नुसता रिपीटर लावण्याचा मोह होतो. साधा रिपीटर एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि त्याच पट्ट्यावर बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. फोनपुरता तो ठीक आहे, हिशेबाच्या संगणकाला नाही. गोदाम वेगळ्या इमारतीत असेल, तर मधे तांब्याची केबल टांगू नये. पावसाळ्यात विजेचा लोळ जवळपास पडला तर दोन्हीकडची यंत्रे जळू शकतात. तिथे फायबरचा तुकडा घालावा, किंवा समोरासमोर दोन बिनतारी यंत्रे बसवावीत. तार सार्वजनिक रस्ता ओलांडणार असेल, तर आधी ग्रामपंचायतीची परवानगी घ्यावी.

दाराला कुलूप

जुलै २०१७ मध्ये भारत संचार निगमाच्या हजारो ग्राहकांची मोडेम एका घातक प्रणालीने निकामी केली. तिला आत शिरायला कोणतेही भिंताड फोडावे लागले नाही. मोडेमचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच होता आणि तो साऱ्या जगाला ठाऊक होता. तो बदलण्याची विनंती मग निगमाला ग्राहकांना करावी लागली. नवी तिजोरी घेतल्यावर तिच्यासोबत आलेली सर्वांना माहीत असलेली किल्ली आपण चालू ठेवू का? मोडेमच्या बाबतीत मात्र अनेकजण नेमके तेच करतात.

म्हणून मोडेम, राउटर आणि कॅमेऱ्यांची पेटी या तिन्हींचे पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावेत. वाय-फायला डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ हे संरक्षण निवडावे आणि बटण दाबून जोडण्याची डब्ल्यूपीएस सोय बंद ठेवावी. ग्राहक, पाहुणे आणि नोकरवर्ग यांच्यासाठी वेगळे ‘गेस्ट’ जाळे द्यावे. त्यावर फोन जोडून दुकानातला प्रिंटर दिसतो का, हे एकदा स्वतः पाहावे; दिसत असेल, तर ते जाळे नावापुरतेच वेगळे आहे. बाहेरगावाहून कॅमेरे पाहता यावेत म्हणून कोणी मोडेममध्ये दार उघडून देत असेल, तर ते कशासाठी आणि किती काळ, हे विचारल्याशिवाय होकार देऊ नये. ज्या घरात गिऱ्हाइकांच्या उधारीची खतावणी संगणकात आहे, त्या घरात हे कुलूप केवळ आपल्या मालाचे राहत नाही. लोकांनी आपल्यावर टाकलेल्या विश्वासाचे ते कुलूप आहे.

एक पान वहीचे

शेवटी सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक दुर्लक्षित उपाय. एका वहीत, एका पानावर, आपल्या जाळ्याचा नकाशा काढावा. मोडेम कुठे, कोणती तार कुठे जाते, कारभारी कोण, प्रत्येक यंत्राचा पत्ता काय, कंपनीचा ग्राहक क्रमांक आणि जोडणीचे नाव-पासवर्ड काय, हे सारे त्यात असावे. ते पान तिजोरीत ठेवावे आणि घरातील किमान दोघांना ते वाचता यावे. मोडेमला छोटा यूपीएस जोडावा. वीज गेली तरी बिल थांबत नाही. अडीअडचणीला फोनचे हॉटस्पॉट हिशेबाच्या संगणकाला एकदा जोडून पाहिलेले असावे.

आज अनेक पेढ्यांत हे सारे ज्ञान एखाद्या तंत्रज्ञाच्या डोक्यात किंवा शिकायला पुण्याला गेलेल्या मुलाच्या फोनमध्ये असते. तो उपलब्ध नसला की दुकान हतबल होते. आपल्या पूर्वजांनी रोजकीर्द कधी दुसऱ्याच्या स्मरणशक्तीवर सोपवली नाही. येत्या दिवाळीला नवी वही उघडाल, तेव्हा तिचे एक पान या जाळ्यासाठी राखून ठेवा, आणि ते घरातल्या लहानाकडून लिहून घ्या. म्हणजे पेढीबरोबर तिच्या किल्ल्याही पुढच्या पिढीकडे जातील.