पाऊस मोजा, मगच पेरा

विज्ञान म्हणजे शाळेतलं पुस्तक, आपला काय संबंध, असं आपण म्हणतो. पण मृगाचा पाऊस पडला की पेरायचं का थांबायचं, हा प्रश्न विज्ञानाचाच आहे. गेल्या खरिपात आमच्या गटातल्या दोघींनी घाई केली. वरची माती भिजली होती, बी उगवलं. पण खाली ओल नव्हती. पावसानं खंड दिला, रोपं करपली. दुबार पेरणीसाठी गटाकडून पुन्हा कर्ज काढावं लागलं.

म्हणूनच शास्त्रज्ञ सांगतात, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. तो आपल्यालाही मोजता येतो. सरळ कडांचा, सपाट बुडाचा डबा मोकळ्या अंगणात ठेवा. रोज सकाळी पट्टीनं पाणी मोजा, वहीत लिहा, डबा रिकामा करा. १ सेंटिमीटर म्हणजे १० मिलिमीटर.

आपल्याच जिल्ह्यातल्या कडवंचीनं खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीनं १९९६ पासून पाणलोटाची कामं केली. आज तिथं द्राक्षबागा आहेत. आभाळ त्यांचं वेगळं नाही, हिशेब वेगळा आहे.

यंदा बियाण्याचं कर्ज मागायला येताना पावसाची वही सोबत आणायची, असं आम्ही बैठकीत ठरवलंय. तुमच्या गटातही विषय काढून बघा.