एकाच काचेची दोन कामे

संवर्धित वास्तवाच्या चष्म्यात, म्हणजे समोरच्या खऱ्या दृश्यावर संगणकाने रचलेले चित्र चढवणाऱ्या चष्म्यात, एकाच काचेला परस्परविरोधी दोन कामे करावी लागतात: बाहेरचा प्रकाश जसाच्या तसा डोळ्यापर्यंत जाऊ द्यायचा आणि दांडीत दडवलेल्या इवल्याशा प्रक्षेपकाचा प्रकाश मात्र डोळ्याकडे वळवायचा. आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये अमेरिकेत सादर केलेल्या यंत्रात हे काम अर्धपारदर्शक आरशांवर सोपवलेले होते आणि डोक्याची हालचाल मोजणारी त्याची भुजा छताला जोडलेली असे; असे यंत्र घालून रस्त्यावर हिंडणे अर्थातच शक्य नव्हते.

आजच्या अनेक चष्म्यांत आरशाऐवजी तरंगवाहक, म्हणजे प्रकाशाला आतल्या आत वाहून नेणारी पातळ काचपट्टी असते. तिच्या एका टोकाला काही शे नॅनोमीटर अंतराने कोरलेल्या समांतर रेषांची विवर्तन जालिका असते, जी प्रकाशाला इतके तिरपे वळवते की तो पृष्ठभागावर क्रांतिक कोनापेक्षा (१.५ अपवर्तनांकाच्या काचेत सुमारे ४२ अंशांपेक्षा) मोठ्या कोनात आदळतो आणि बाहेर न निसटता, प्रकाशतंतूतल्यासारखा, परावर्तित होत पुढे सरकतो. डोळ्यासमोरची दुसरी जालिका प्रत्येक परावर्तनागणिक त्यातला थोडाथोडा अंश बाहेर सोडते, त्यामुळे बुबुळ जरा हलले तरी चित्र हरवत नाही.

या सोयीची किंमत मोठी आहे. प्रक्षेपकाचा बहुतांश प्रकाश वाटेतच वाया जातो, तांबडा, हिरवा आणि निळा रंग वेगवेगळ्या कोनांत वळतात, आणि बाहेरच्या दिव्याचा प्रकाश याच जालिकांवर पडला की इंद्रधनुषी पट्टे उमटतात. दृश्यक्षेत्राची, म्हणजे चित्र नजरेचा जेवढा कोन व्यापते त्याची, अडचण याहून मूलभूत आहे, कारण क्रांतिक कोनाच्या पलीकडे जेवढे कोन उरतात त्यांतच अख्खे चित्र बसवावे लागते. म्हणूनच २०१९ च्या होलोलेन्स २ या चष्म्यात दृश्यक्षेत्र कर्णरेषेवर सुमारे ५२ अंशांवर थांबले. मेटा कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये दाखवलेल्या ओरायन या नमुना चष्म्यात सिलिकॉन कार्बाइड वापरून ते सुमारे ७० अंशांपर्यंत नेले, कारण या पदार्थाचा अपवर्तनांक २.६ च्या आसपास असल्याने क्रांतिक कोन जवळपास २३ अंशांवर उतरतो. मात्र इतका कठीण आणि महाग पदार्थ घासून चष्म्याची भिंगे बनवणे सोपे नाही.

जाहिरातींत दिसतात तशा भरीव, गडद आकृती तर तरंगवाहक एकटा दाखवूच शकत नाही, कारण तो दृश्यात प्रकाशाची भर घालतो, वजाबाकी करू शकत नाही, आणि त्याच्या लेखी काळा रंग म्हणजे निव्वळ पारदर्शक जागा. २०२२ च्या मॅजिक लीप २ या चष्म्यात यावर उपाय म्हणून हवा तेवढाच भाग काळवंडणारा थर बसवला गेला, पण तो डोळ्याच्या इतका जवळ असतो की त्याची कड धूसरच दिसते.