नर्सबाईची वकिली : दोन परवान्यांची गोष्ट

तुरीची रास घरात आली की आमच्याकडे कागद वाचून घ्यायला येणाऱ्यांची वर्दळ वाढते. कुणाचे बँकेचे पत्र, कुणाच्या वाटणीचा मसुदा, कुणाची विम्याची पावती. यंदा निंबर्ग्याच्या बाजूचे एक कुटुंब आले ते मात्र वेगळाच कागद घेऊन. मुलगी बी.एस्सी. नर्सिंग झालेली, सोलापूरच्या एका दवाखान्यात चार वर्षे नोकरी केलेली. कागद होता एका मोठ्या शहरातल्या दलालाचा. त्यात लिहिले होते की मुलीला अमेरिकेत 'नर्स-ॲटर्नी' म्हणून नेमणूक मिळेल, त्यासाठी लागणारी एलएल.बी.ची पदवी घरबसल्या मिळवून दिली जाईल आणि व्हिसा सहा महिन्यांत हातात पडेल. खर्च चौदा लाख, निम्मा आगाऊ. वडिलांनी सहापैकी चार एकरांच्या पहाणीचा उतारा काढून आणला होता. सावकार गहाणखताला तयार होता. त्यांचा आम्हाला प्रश्न एवढाच होता, "फादर, सही करू काय?"

आम्ही पंधरा दिवस थांबायला सांगितले. कायद्यात मुरलेल्या एका परिचिताकडून चौकशी केली, स्वतःही वाचले. आपल्या गावोगावच्या मुली आता नर्सिंगला जातात, काहींच्या डोक्यात परदेश असतो. म्हणून जे कळले ते येथे देत आहोत.

प्रथम हा शब्द समजून घेऊ. ॲटर्नी म्हणजे वकील. अमेरिकेत ज्या व्यक्तीजवळ नर्सचा परवाना आहे आणि वकिलीचाही परवाना आहे तिला नर्स-ॲटर्नी म्हणतात. अशा मंडळींची संघटना तेथे १९८२ साली निघाली. इस्पितळातील निष्काळजीपणाचे दावे, नर्सच्या परवान्यावर गदा आली तर परवाना मंडळापुढे तिची बाजू मांडणे, इस्पितळाला नियमांचा सल्ला देणे अशी त्यांची कामे. हे कुठले पद नव्हे, की जेथे कुणी कुणाची नेमणूक करावी. ट्रॅक्टर चालवण्याचे लायसन आहे म्हणून कुणाला कीटकनाशकाचे दुकान काढता येत नाही, दुकानाचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. तसेच हे. नर्सचा परवाना राज्याचे नर्सिंग मंडळ देते, वकिलीचा परवाना त्या राज्याचे न्यायालय देते. इस्पितळ फार तर नोकरी देईल, ते कुणाला वकील करू शकत नाही. दलालाच्या कागदातील पहिलीच ओळ येथे कोसळते.

पदवी एक आणि व्यवसायाचा हक्क दुसरा, हे आपल्याकडच्याच एका बाईंनी फार सोसून जगाला दाखवले आहे. कॉर्नेलिया सोराबजी या १८६६ साली नाशिकला जन्मल्या. घर ख्रिस्ती, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ साली तेथील कायद्याची बी.सी.एल. परीक्षा उत्तीर्ण झाल्या. परंतु त्या काळी ऑक्सफर्ड स्त्रियांची परीक्षा घेई, पदवी देत नसे. तो नियम १९२० साली बदलला. परत आल्यावर त्यांनी १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. आणि १८९९ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षाही दिली. ज्ञान होते, परीक्षा होत्या, पण बाईला सनद मिळेना. मग १९०४ पासून त्या बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे पडदानशीन विधवांच्या व अज्ञान वारसांच्या मालमत्तेच्या कामात सल्लागार म्हणून राहिल्या. न्यायालयात उभे राहण्याचा हक्क नसताना कायद्याचे ज्ञान त्यांनी असे वापरले. १९२१ साली अलाहाबाद हायकोर्टाने त्यांना सनद दिली आणि १९२३ च्या कायद्याने देशभर स्त्रियांना वकिलीचे दार उघडले. ऑक्सफर्डच्या परीक्षेपासून सनदेपर्यंत एकोणतीस वर्षे गेली. आज स्त्री म्हणून अडवणूक होत नाही. पण परक्या मुलखातील पदवी घेऊन दुसऱ्या मुलखात परवाना मागणाऱ्याला तोच प्रश्न आजही विचारतात : शिकलात ठीक, पण आमच्याकडे बसायचा हक्क कुठाय?

दोन परवाने एकाच हातात, ही गोष्ट आपल्या देशात तर चालतच नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मुंबईचे शस्त्रवैद्य डॉ. हनिराज चुलानी यांनी कायद्याची पदवी घेतली आणि डॉक्टरकी चालू ठेवून वकिलीची सनद मागितली. महाराष्ट्र व गोव्याच्या बार कौन्सिलने नकार दिला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. १९९६ साली निकाल लागला तो बार कौन्सिलच्या बाजूने : वकिली करायची तर दुसरा व्यवसाय सोडावा. पूर्ण वेळ पगारी नोकरालाही आपल्याकडे सनद ठेवता येत नाही. म्हणजे कलबुर्गीच्या दवाखान्यातील नर्सला वकील व्हायचे असेल तर होता येईल, पण सनद घेताना नोकरी सोडावी लागेल. अमेरिकेत अशी सरसकट बंदी नाही, म्हणूनच नर्स-ॲटर्नी हा शब्द तिकडे जन्मला. आम्हाला विचाराल तर दोन्हीकडे थोडे शहाणपण आहे. वॉर्डात आणि कोर्टात एकाच वेळी हजर राहणे कुणालाच जमत नाही.

आता त्या मुलीच्या कागदाकडे येऊ. कायद्याच्या पदवीविषयी बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम स्पष्ट आहेत. पदवीनंतर तीन वर्षांची एलएल.बी., किंवा बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम. बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी आहे, म्हणून त्या मुलीला तीन वर्षांचा मार्ग खुला. पण जी.एन.एम. ही पदविका आहे, पदवी नव्हे. जी.एन.एम. झालेल्या मुलीने आधी पोस्ट बेसिक बी.एस्सी. करावी, नाही तर पाच वर्षांचा मार्ग धरावा. वर्गात सत्तर टक्के हजेरी लागते. पत्राद्वारे किंवा घरबसल्या मिळवलेली एलएल.बी. सनदेला चालत नाही. न्यूयॉर्क राज्यालाही ती चालत नाही. तेथील नियम असा की परदेशी अर्जदाराचे कायद्याचे शिक्षण इंग्रजी पद्धतीच्या कायद्यावर आधारलेले असावे आणि तेथील शिक्षणाइतक्याच कालावधीचे असावे, तेही प्रत्यक्ष वर्गात बसून. आपला कायदा इंग्रजांच्या वळणाचा असल्यामुळे पहिली अट भारतीय पदवी भागवते. कालावधीत उणे पडले तर तेथे जाऊन एलएल.एम. करून ते भरून काढता येते. कॅलिफोर्नियाचा नियम आणखी निराळा : स्वतःच्या देशात ज्याची सनद चालू आहे अशा वकिलाला तेथे जादा पदवी न घेता परीक्षेला बसू देतात. परीक्षा मात्र कुणालाच चुकत नाही. ती जुलैत आणि फेब्रुवारीत होते, आणि बाहेर शिकून आलेल्यांचे उत्तीर्ण होण्याचे प्रमाण तेथे शिकलेल्यांपेक्षा बरेच कमी आहे. एलएल.एम.चा खर्चही लक्षात घ्यावा. न्यूयॉर्कच्या नामांकित विद्यापीठांत नुसती फीच पन्नास लाखांच्या वर जाते. चौदा लाखांत पदवी, परवाना आणि विमानाचे तिकीट देणारा दलाल नेमके काय विकत होता, ते वाचकांनीच ठरवावे.

मुलीने मध्येच विचारले, वकिली बाजूला ठेवली तर नुसते नर्स म्हणून काय? हा प्रश्न खरा कामाचा. अमेरिकेत नर्सला एनक्लेक्स ही परीक्षा द्यावी लागते. ती संगणकावर होते आणि भारतातही तिची केंद्रे आहेत. बंगळूर, हैदराबाद व मुंबई ही आपल्याला जवळची. परीक्षेआधी ज्या राज्यात परवाना हवा त्या राज्याकडे कागद तपासून घ्यावे लागतात. कॉलेज आणि आपल्या राज्याची नर्सिंग कौन्सिल यांच्याकडून ते कागद परस्पर जातात, मुलीच्या हातून नव्हे. शिक्षणाची छाननी करणारी सीजीएफएनएस ही संस्था १९७७ पासून आहे, अलीकडे तिने ट्रूमेरिट असे नाव घेतले आहे. १९९६ च्या अमेरिकन कायद्याने परदेशी नर्सला व्हिसाआधी अशा छाननीचा दाखला सक्तीचा झाला, त्यात बहुतेकींना इंग्रजीची परीक्षाही आली. एवढे सगळे केल्यावर कायम वास्तव्याच्या व्हिसाची रांग. भारतीयांसाठी ती रांग दहा वर्षांहून लांब झालेली आहे. सहा महिने हा शब्द ज्याच्या तोंडी आला त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

इंग्लंडचा मार्ग त्या मानाने जवळचा. तेथे परीक्षेचा पहिला भाग संगणकावर भारतातच देता येतो, दुसरा प्रात्यक्षिकाचा भाग तिकडे जाऊन. आखाती देशांत नर्सचे काम मिळते. पण वकिलीचे म्हणाल तर अमिरातीत स्थानिक न्यायालयात उभे राहणे बहुतांशी तेथील नागरिकांसाठी राखलेले आहे.

वकिलीचा परवाना नसतानाही नर्सच्या ज्ञानाला कायद्यात किंमत आहे, हे येथे सांगितले पाहिजे. अमेरिकेत वकिलांच्या कचेऱ्या अनुभवी नर्सना केसपेपर वाचायला बसवतात : औषध किती वाजता दिले, नाडी कधी मोजली, रात्रीच्या पाळीत कोण होते, टिपण मागाहून तर लिहिले नाही ना. अशा सल्लागार नर्सला पक्षकाराला कायद्याचा सल्ला देता येत नाही, पण तिच्यावाचून वकिलाचे अडते. आपल्याकडेही १९९५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून पैसे घेऊन उपचार करणारे दवाखाने ग्राहक कायद्याखाली आले. तेव्हापासून जिल्ह्याच्या ग्राहक मंचात, म्हणजे आताच्या ग्राहक आयोगात, असे कागद वाचणारे डोळे हवेच आहेत. नर्सिंग केलेली एखादी मुलगी पुढे कलबुर्गीत वकील झाली तर शेतकऱ्याच्या घरच्या बाळंतिणीचा कागद तिला वाचता येईल, ही गोष्ट आम्हाला अमेरिकेपेक्षा लहान वाटत नाही.

नर्सला कायदा का कळावा, याचे एक उदाहरण न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचे आहे. २००६ साली स्मिथटाउन येथील एका शुश्रूषागृहातून फिलिपाइन्सच्या दहा नर्सनी एकदम राजीनामे दिले. करारात ठरले तसे काम आणि मजुरी मिळत नाही अशी त्यांची तक्रार होती. तेथे यंत्रावर श्वास घेणारी आजारी मुलेही होती, म्हणून त्यांच्यावर आणि त्यांना सल्ला देणाऱ्या वकिलावर २००७ मध्ये चक्क फौजदारी खटला भरण्यात आला. कोणत्याही रुग्णाला इजा झालेली नव्हती. २००९ साली अपील न्यायालयाने तो खटलाच थांबवला : माणसाला शिक्षेची भीती घालून कामाला बांधून ठेवता येत नाही. त्याच नोकरदात्यांच्या गोटातील करारांवर पुढे दुसरा दावा चालला. मुदतीआधी नोकरी सोडली तर पंचवीस हजार डॉलर भरा, असे कलम त्यात होते. २०१९ साली न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयाने ते कलम अवैध ठरवले. आपल्याकडच्या लोकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. ऊसतोडीची उचल घेतलेल्या गड्याला मध्येच पट्टा सोडता येत नाही, हे आपण डोळ्यांनी पाहतो. उचल डॉलरमध्ये असली म्हणून ती उचल नव्हे असे होत नाही. म्हणून करारात सोडण्याचे कलम कोठे आहे, ते पगाराच्या आकड्याआधी वाचावे.

दलालाविषयी थोडेसे. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्याला १९८३ च्या कायद्याखाली केंद्र सरकारची नोंदणी लागते. २०१७ च्या दुरुस्तीनंतर अशा नोंदणीकृत दलालाला जास्तीत जास्त तीस हजार रुपये व त्यावरील जीएसटी घेता येतो, आणि तेही पावती देऊन. २०१५ साली केरळात कुवेतच्या नर्सभरतीचे प्रकरण उघड झाले, तेव्हा नियमाने साडेएकोणीस हजार घ्यायचे होते तेथे साडेएकोणीस लाख घेतल्याचा आरोप होता आणि तपास सीबीआयकडे गेला. दलालाची नोंदणी आहे की नाही हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. मूळ प्रमाणपत्रे मात्र कुणाच्याही ताब्यात देऊ नयेत, अगदी दवाखान्याच्यासुद्धा. गुणपत्रिका अडकवून ठेवलेल्या मुली आमच्या ओळखीत आहेत.

पंधरा दिवसांनी ते कुटुंब पुन्हा आले. आम्ही दलालाला एकच प्रश्न विचारायला सांगितले होते, की तुमचा नोंदणी क्रमांक काय. त्यावर त्याने आधी चिडून बोलणे केले आणि मग फोन उचलणे बंद केले. आगाऊ पैसे गेले नव्हते. वडील म्हणाले, उताऱ्याचे पंचवीस रुपये तेवढे बुडाले.

मुलीने बंगळूरला कौन्सिलकडे नोंदणीच्या पडताळणीचा अर्ज टाकला आहे आणि ती इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करते. रात्रपाळी संपवून सकाळी दोन तास बसते म्हणे. कायद्याचे तिने सोडलेले नाही. नोकरी सोडून तीन वर्षे कलबुर्गीच्या लॉ कॉलेजात वर्गात बसायचे तर घर कसे चालेल, हा हिशेब बापलेक अजून मांडत आहेत. चार एकरांत यंदाही तूरच पेरायची असे ठरले आहे.