बोट लागणे आणि ओल्या केसांची चिंता

भोपाळच्या शाहपुरा भागात राहणाऱ्याला पाणी नवे नाही. घराजवळ शाहपुऱ्याचा तलाव आहे आणि शहराच्या दुसऱ्या अंगाला राजा भोजाशी नाव जोडलेला मोठा तलाव आहे. समुद्र मात्र दूर आहे. मुंबईचा किनारा गाठावयाचा तर आगगाडीने 800 किलोमीटरांहून अधिक प्रवास करावा लागतो. म्हणून अशा वस्तीतील एखाद्या मराठी कुटुंबाने मुंबईहून गोव्यापर्यंत जहाजाने जाण्याचा बेत केला, की उत्साहाबरोबर शंकाही घरात शिरतात. मुले सामान बांधू लागतात आणि आजी हळूच म्हणते, “तुम्ही जाऊन या. मला बोट लागेल. शिवाय हे एवढे केस त्या दमट हवेत वाळायचे कधी? ओल्या डोक्याला वारा लागला, की मळमळ आणखीच वाढायची!”

दोन्ही शंका वरवर क्षुल्लक वाटतात. पण अशाच शंकांपायी एखादे तिकीट रद्द होते आणि जन्मात एकदा पाहावयाचा समुद्र राहून जातो. म्हणून त्यांची नीट उकल करणे अगत्याचे आहे.

‘बोट लागणे’ हा शब्दप्रयोग कोकणच्या माणसाला परका नाही. मुंबईहून रत्नागिरी, वेंगुर्ले, पणजी अशा बंदरांना जाणाऱ्या आगबोटींच्या काळात तो घराघरांत रुळलेला होता. मराठीत ऊन लागते, दृष्ट लागते, गाडी लागते, तशीच बोटही लागते. दोष माणसाचा नव्हे, बाहेरून काहीतरी येऊन लागले, असे भाषा सुचविते. शास्त्राचा निर्णयही फारसा निराळा नाही. बोट लागणे हे पोटाच्या दुबळेपणाचे लक्षण नव्हे, की मनाच्या भित्रेपणाचेही नव्हे.

याचे मूळ कानात आहे. माणसाच्या आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांत द्रव असतो. डोके वळले की द्रव हलतो आणि मेंदूला वार्ता पोहोचते. शेजारीच चुन्याच्या सूक्ष्म कणांनी भारलेली इंद्रिये असतात. वर-खाली आणि पुढे-मागे होणारी हालचाल ती ओळखतात. आता जहाजातील बंद खोलीची कल्पना करावी. भिंत, पलंग, दिवा हे सारे प्रवाशाबरोबरच हलत असते. त्यामुळे डोळे सांगतात, “सर्व स्थिर आहे.” कान सांगतो, “आपण झुलत आहोत.” दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळत नाहीत आणि मेंदू गोंधळतो. या गोंधळातूनच जांभया, तोंडाला सुटणारे पाणी, थंड घाम, फिकटलेला चेहरा आणि अखेर उलटी असा क्रम सुरू होतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1882 साली मूकबधिरांचा अभ्यास करून दाखविले, की त्यांच्यातील अनेकांना गरगर फिरविले तरी घेरी येत नाही. ज्यांच्या आतल्या कानाचे हे कार्यच बंद पडलेले असते, त्यांना बोटही लागत नाही. कानाच्या साक्षीचे महत्त्व यावरून कळून येते.

मग तलावातील नौकेत बसून खुशाल परतलेल्या माणसाला समुद्रावर त्रास का व्हावा? याचे उत्तर लाटांच्या संथपणात आहे. तलावावर वाऱ्याला धावावयास जागा थोडी मिळते. त्यामुळे लाटा आखूड असतात आणि भरभर येऊन जातात. समुद्रावरील लाट शेकडो कोस मोकळ्या पाण्यावरून आलेली असते. ती जहाजाला सावकाश उचलते आणि सावकाश खाली ठेवते. सुमारे पाच सेकंदांत एक हेलकावा, या गतीने वर-खाली होणे माणसाला सर्वांत अधिक मळमळविते, असे 1970 नंतरच्या दशकातील प्रयोगांत आढळले. म्हणजे त्रास देतो तो धक्का नव्हे, झोका होय.

दर्यावर्दी माणसेही यातून सुटत नाहीत. इंग्रज आरमाराचा सेनापती नेल्सन याला बोट लागत असे. 1831 ते 1836 या काळात ‘बीगल’ जहाजातून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा चार्ल्स डार्विन तर या व्याधीने हैराण झाला होता. मग शाहपुऱ्यातील आजीने आपल्या पोटाची लाज का बाळगावी? उलट, अगदी तान्ह्या मुलांना हा त्रास क्वचितच होतो, शाळकरी वयात तो सर्वांत अधिक होतो आणि वय वाढेल तसा साधारणपणे कमी होत जातो. तेव्हा त्या घरात आजीपेक्षा नातवाचीच काळजी अधिक घ्यावयास हवी!

कारण समजले, की उपाय आपोआप सुचतो. दोन साक्षीदारांची जबानी जुळवून द्यावयाची. डेकवर यावे, रेलिंगपासून बेताचे अंतर ठेवून बसावे आणि क्षितिजाच्या रेषेवर नजर ठेवावी. क्षितिज स्थिर असते. त्याच्याकडे पाहताना आपण झुलत आहोत हे डोळ्यांनाही पटते आणि भांडण मिटते. खोली निवडता आली, तर जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावरची घ्यावी. झोपाळ्याच्या दोरीला कडीजवळ झोका थोडा आणि पाटाजवळ फार असतो, तसेच हे आहे. मोठ्या जहाजांना पाण्याखाली पंखांसारखे स्थिरक असतात. त्यांनी कुशीवर कलंडणे पुष्कळ कमी होते, पण नाळ आणि वरामा यांचे आळीपाळीने उचलणे राहतेच. ऑक्टोबरपासून मेपर्यंत पश्चिम किनाऱ्याचा समुद्र एरवीपेक्षा शांत असतो. पावसाळ्यात तो खवळतो.

पोट रिकामे ठेवू नये आणि तडस लागेपर्यंत भरूही नये. वाचन व मोबाइलचा पडदा टाळावा. आल्याचा तुकडा चघळल्याने काहींना बरे वाटते. मळमळीवर गोळ्या मिळतात, पण त्या त्रास सुरू होण्यापूर्वी घेतल्या तरच नीट लागू पडतात. त्यांनी झोप येते आणि तोंड कोरडे पडते. काचबिंदू असलेल्यांनी, लघवीला अडथळा होणाऱ्या वृद्धांनी आणि गर्भवती स्त्रियांनी तर डॉक्टरांना विचारल्यावाचून त्या मुळीच घेऊ नयेत. उलट्या थांबत नसतील, घोटभर पाणीही पोटात ठरत नसेल किंवा माणूस बरळू लागला, तर जहाजावरील डॉक्टरांकडे तत्काळ जावे. शरीरातील पाणी आटणे हाच यातील खरा धोका आहे. एरवी दोन-तीन दिवसांत मेंदू नव्या डोलाला सरावतो.

आता केसांचा प्रश्न. ओल्या केसांमुळे बोट लागत नाही. ओल्या डोक्याला वारा लागला, की पाण्याची वाफ होताना गारवा जाणवतो, एवढेच. पण आजीच्या शंकेत तथ्याचा एक अंश आहे. तो ओलेपणात नव्हे, केस वाळविण्याच्या रीतीत आहे. लहानशा न्हाणीघरात खाली वाकावे, केस पुढे घेऊन झटकावेत, डोळे मिटावेत, पुन्हा डोके वर करावे आणि जवळच गरम हवेचा झोत चालू असावा. बोट लागावयास याहून सोयीची तयारी दुसरी कोणती? डोके वारंवार वाकविल्याने कानातील द्रव अधिकच ढवळला जातो आणि मिटलेल्या डोळ्यांना क्षितिज दिसत नाही.

केस उशिरा वाळतात याचे कारण हवेत आहे. केस आपल्या वजनाच्या सुमारे 30 टक्क्यांपर्यंत पाणी शोषू शकतो. भोपाळच्या एप्रिल-मे महिन्यांतील कोरडी हवा ते पाणी पाहता पाहता ओढून घेते. समुद्रावरच्या हवेत आधीच बाष्प भरलेले असते, म्हणून ती सावकाश घेते. त्यात खारे तुषार केसांवर बसले, की मीठ ओलावा धरून ठेवते आणि केस चिकट राहतात. वातानुकूलित खोलीतील हवा मात्र बाहेरच्यापेक्षा कोरडी असते. तेव्हा केस वाळवावयाचे ते डेकवर नव्हे, खोलीत.

लांब केस असणाऱ्या स्त्रीने शक्यतो निघण्यापूर्वी घरी न्हावे. प्रवासात न्हावयाचे झाल्यास जहाज बंदरात उभे असेल ती वेळ साधावी. सुती पंचाने केस दाबून टिपावेत, पिळू नयेत. मग खिडकीसमोर पाठ टेकून, डोके सरळ ठेवून बसावे आणि हेअर ड्रायर हातभर नसला तरी वीतभर तरी दूर धरून सारखा फिरवीत राहावे. कोरियातील संशोधकांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 15 सेंटिमीटरांवरून असा फिरता झोत दिला असता केसांची हानी थोडी होते, असे दिसले. फार वेळ ओले राहणेही केसाला मानवत नाही.

एक सावधगिरी विजेची. हेअर ड्रायर 1500 ते 2000 वॅटपर्यंत वीज खातो. काही जहाजांवर 110 व्होल्टचा प्रवाह असतो. भारतातील 220 व्होल्टचे यंत्र तेथे जेमतेम चौथाई शक्तीने चालते, आणि 110 व्होल्टचे यंत्र 220 वर लावले तर जळते. पिनेचा आकार बदलणारा अडॅप्टर व्होल्ट बदलत नाही. न्हाणीघरातील दाढीच्या यंत्राच्या प्लगमध्ये तर ड्रायर कधीच लावू नये. भर समुद्रात आगीचा बंब येत नाही, म्हणून जहाजावर विजेचे नियम कडक असतात. पुष्कळ जहाजांवर खोलीत ड्रायर ठेवलेलाच असतो. तिकीट काढतानाच ते विचारून घ्यावे.

तेव्हा आजीने घरून न्हाऊन, केस वाळवून, घट्ट अंबाडा बांधून निघावे. गोव्यापर्यंतच्या थोडक्या प्रवासात पुन्हा न्हाण्याची गरजही पडू नये. डेकवर नातवाला शेजारी बसवावे आणि दूरची रेषा दाखवून म्हणावे, “तिकडे बघ बाळा, तिथे काही हलत नाही.” नातवाचे पोट सावरेल आणि आजीलाही समुद्र पाहावयास मिळेल.