भोकरदनहून संभाजीनगरात: घर कोणत्या भागात?
भोकरदनहून छत्रपती संभाजीनगरात राहायला जाताना आधी कामाची दिशा पाहावी. चिकलठाणा व शेंद्रा या औद्योगिक वसाहती पूर्वेला जालना रस्त्यावर, तर वाळूज पश्चिमेला. रोज सगळे शहर ओलांडणे दमवणारे ठरते. भोकरदन-फुलंब्रीकडून येणारा रस्ता हर्सूलमार्गे शहरात शिरतो, म्हणून गावी शेती असलेल्यांना हर्सूल सोयीचे. सिडकोची वस्ती आखीव, बसस्थानकही जवळ. दक्षिणेचा सातारा-देवळाई परिसर महापालिकेत उशिरा आला, म्हणून तिथल्या सोयी आधी पाहून घ्याव्यात. खरी कसोटी पाण्याची. शहराची भिस्त पैठणच्या जायकवाडी धरणावर आहे आणि नळाला पाणी अनेक वर्षे काही दिवसांआडच येत आले आहे. त्यामुळे पाणी किती दिवसांनी येते, साठवणीची टाकी केवढी आणि उन्हाळ्यात बोअर टिकते का, हे घरमालकापेक्षा शेजाऱ्यांना विचारावे.